मागचं डावं दार

घणसोली गावात धर्मराजची फियाट कुठे असते असं कुणी विचारलं, तर शेंबडं पोरसुद्धा तळ्याकडे बोट दाखवायचं. गावातल्या गल्ल्या अशा, की समोरून डोक्यावर हंडा घेतलेली बाई आली तर दुसऱ्यानं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. तिथे मोटार कुठून शिरणार? म्हणून ती तळ्याच्या काठी, पिंपळाखाली, ताडपत्री पांघरून उभी असायची. दर रविवारी सकाळी धर्मराज चहा पिऊन उठायचा, ताडपत्री काढायचा, बॉनेट वर करायचा आणि कमरेपासून वरचा सगळा आत जायचा. बाहेर दिसायचे ते फक्त पाय आणि लेंग्याची लोंबणारी नाडी.

लोक त्याच्या बायकोला चिडवायचे. म्हणायचे, गिरजावहिनी, नवऱ्यानं तुमच्या सवतीला आज परत न्हाऊमाखू घातलं. गिरजाबाईही काही कमी नव्हती. "सवत असती तं बरं झालं असतं," ती म्हणायची. "कवातरी मायेरी तरी गेली असती. ही काय, जागची हालत नाय."

तशी गाडी ठणठणीत होती. खाडीची खारी हवा पत्र्याला खाते, म्हणून धर्मराज दर पावसाळ्यानंतर खालचा पत्रा घासायचा, गंजलेल्या जागी लांबी भरायचा, वर रंगाचा हात मारायचा. प्लग साफ, पाट्यांना ग्रीस, बॅटरीत पाणी. फक्त ती जात कुठे नव्हती. तळ्यापासून रबाळ्याला सयाजीच्या गॅरेजात, आणि गॅरेजातून परत तळ्यावर, एवढाच तिचा प्रवास. का, असं विचारलं की धर्मराज म्हणायचा, जरा काम बाकी हाय. मागून कुठूनतरी बारीक किणकिण येते. ती एकदा सापडली की झालं.

किणकिण खरंच यायची. खड्ड्यातून गेली की गाडीच्या मागच्या अंगाला काहीतरी नाजूक वाजायचं. सयाजीनं नटबोल्ट आवळले, सायलेन्सर बदलला, डिकी रिकामी करून पाहिली. आवाज काही गेला नाही. आणि खरं सांगायचं तर तो जाऊ नये अशीच धर्मराजची इच्छा असावी. कारण आवाज गेला असता तर गाडी तयार झाली असती, आणि गाडी तयार झाली असती तर तिला नेरूळला न्यावी लागली असती.

नेरूळ गावात त्याची धाकटी बहीण राहायची, पुतळा. घणसोलीहून तिथे गाडीनं अर्धा तास, फार तर थोडा जास्त. एवढ्या अंतरासाठी माणसानं वीस वर्षं गाडीच तयार करत बसावं, हे ऐकून कुणालाही हसू येईल. पण हसू नये. सगळा घोळ हसण्यानंच झाला होता.

ही गाडी शेत गेलं तेव्हाची. खाडीच्या अलीकडे नवं शहर बसायचं ठरलं, भाताची खाचरं सरकारनं घेतली, आणि हातात जे आलं त्यात कुणी स्लॅबचं घर बांधलं, कुणी टेम्पो घेतला. धर्मराजनं मुंबईतल्या एका म्हाताऱ्या पारशाची राखाडी फियाट आणली. बापानं कपाळावर हात मारून घेतला. म्हणाला, बापजाद्यांचं शेत या लेकानं चार चाकांवर उभं केलं.

पुतळाला मात्र गाडी पाहताक्षणी आवडली. ती नुकतीच नेरुळात दिलेली. पहिल्या गौरीला धर्मराज तिला आणायला गाडी घेऊन गेला, तर अख्खं नेरूळ गाव रस्त्यावर आलं. पुतळा मागे डाव्या बाजूला बसली आणि घणसोलीपर्यंत एक शब्द बोलली नाही, नुसती बाहेर बघत राहिली. एरवी तिचं तोंड कुणी बंद करू शकलं नव्हतं. ही दोघं भावंडं लहानपणी मिठागरात आजीच्या मागे मागे वाढलेली. आजीचं नाव सखू. आई-बाप राबायचे आणि सखूआजी या दोघांना बांधावर बसवून सांभाळायची. एकाच्या हाताला दुसऱ्याचा हात बांधून ठेवायची, पाण्यात पडू नयेत म्हणून. ती सवय दोघांना मोठेपणीही राहिली होती. बाजारात चालतानाही पुतळा भावाचा शर्ट मागून धरून चालायची.

गाडी आली त्याच वर्षी मागच्या डाव्या दाराचं आतलं हँडल तुटलं. कुणा पोरानं लोंबकळून तोडलं असावं. दार बाहेरून उघडायचं, आतून नाही. गिरजाबाई म्हणाली, नीट करून घ्या. धर्मराज म्हणाला, "कनाला? उघरायला मी हाय नं." आणि तो उघडायचाही. गाडी थांबली की उतरायचा, वळसा घालून यायचा आणि बहिणीसाठी दार धरून उभा राहायचा. भाऊ ओवाळणी घालतो, साडी नेसवतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं. पण भर उन्हात वळसा घालून बहिणीला उतरवून घेतो, हे गावानं पहिल्यांदाच पाहिलं. पुतळा मुद्दाम जरा वेळ बसून राहायची, पदर सारखा करायची, मग उतरायची. बघणाऱ्या बायका आपापल्या भावांना घरी जाऊन काय काय बोलल्या असतील कोण जाणे.

पुढे धर्मराजला मुलगी झाली, आणि बारशाचा दिवस ठरला.

बारशाला आत्याच लागते. पाळण्यातल्या पोरीच्या कानात नाव सांगायचा मान तिचा. तिनं नाव सांगितलं की बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, आणि तेव्हा कुठे ते नाव पोरीचं होतं. पुतळानं नाव ठरवून ठेवलं होतं आणि कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. आधी फुटलं तर त्यात मजा काय राहिली?

त्या दिवशी धर्मराजला नेरूळला पोचायला उशीर झाला. निघायलाही झाला, कारण पुतळाचं सामान संपेना. भाचीसाठी तिनं लाकडी पांगुळगाडा करून घेतला होता. तो मागच्या सीटवर उजवीकडे आडवातिडवा कोंबला, त्यावर दुपटी आणि गादी, खाली लाडवांची टोपली. डाव्या कोपऱ्यात पुतळा, मांडीवर घुगऱ्यांची परात, पुढच्या सीटवरून पलीकडे जायलाही वाव नाही. धूळ नको म्हणून काचा वर केलेल्या. काच फिरवायची मूठ गाडीत एकच शिल्लक होती, आणि ती पुढच्या खणात.

तळ्यापाशी गाडी थांबली तेव्हा घराकडून बँडचा आवाज येत होता. मित्र धावत आले. "चल रं, मुहूर्त टलला! आत्या आली का?"

"आली, आली," धर्मराज म्हणाला. मित्रांनी त्याला खांद्याला धरून ओढतच नेलं.

घरात बायकांची ही झुंबड. आत्या आल्याचं पुरुषांनी सांगितलंय म्हणजे ती असणारच गर्दीत कुठेतरी. हाका मारल्या, बँडमध्ये कुणाला काही ऐकू येईना. वेळ टळून चालली म्हणून एक चुलत आत्या पुढे झाली आणि तिनं पोरीच्या कानात त्या वर्षी चलती असलेलं एक नाव सांगितलं, संध्या. धपाटे बसले. पेढे वाटले गेले. मग कुणीतरी सहज विचारलं, पुतळा पांगुळगाडा आणणार होती ना, कुठाय? आणि धर्मराजला मागचं डावं दार आठवलं.

तो तळ्यावर धावला, त्याच्यामागे निम्मं गाव. दार उघडलं तर पुतळा घामानं निथळत बसलेली. काचेवर हात आपटून आपटून हिरव्या बांगड्या फुटल्या होत्या, मनगटावर रक्त सुकलं होतं. परात मात्र मांडीवर तशीच्या तशी. मागे सगळे लोक उभे, बहीण त्याच्याकडे बघतेय, आणि धर्मराज हसला.

का हसला, हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. फार घाबरलं की काही माणसांना हसू फुटतं, तसं ते असेल. "अगं, हाक तरी मारायची!" म्हणाला. तो हसला म्हणून मागचे हसले. कुणीतरी ओरडलं, आत्या गाडीत नि बारसं वाडीत! ते तर पुढे गावात कितीतरी दिवस चाललं.

पुतळा उतरली नाही. परात पुढच्या सीटवर ठेवून म्हणाली, "मना घरी सोर."

नेरुळात तिच्या दारासमोर त्यानं वळसा घालून दार उघडलं, तेव्हा ती उतरून त्याच्यासमोर उभी राहिली. "ज्या गारीन मना कोंडलास, त्याच गारीन मना नेशील, नं तुज्या दारान सोताच्या हातान मना उतरवशील, तवाच तुज्या घरान पाय ठेवीन."

तेव्हाच पाय धरले असते तर संपलं असतं. पण लोकांचं हसणं ऐकून त्याचंही डोकं फिरलेलं. "मी काय मुद्दाम केलंय?" तो म्हणाला. "बघू कोन येतंय तुला न्यायला."

मग पहिली गौर गेली, दिवाळी गेली. ती येईल म्हणून हा थांबला, हा येईल म्हणून ती थांबली. दोघंही सखूआजीची नातवंडं, वाकायचं कुणाला माहीत नव्हतं. पुढे पुढे धर्मराजचा राग कधी गेला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. राग गेला आणि त्या जागी लाज येऊन बसली, आणि लाज रागापेक्षा चिवट असते. आई शेवटच्या दुखण्यात पडली तेव्हा उशाशी बसलेल्या धर्मराजकडे बघून रोज विचारायची, "पुतला आली का?" तो म्हणायचा, येतेय, गारी काढतो. आई गेली त्या दिवशी पुतळा आली, रिक्षानं. अंगणात उभी राहिली, आईला बाहेर आणल्यावर तिच्या पायावर डोकं ठेवलं, आणि उंबऱ्याला पाय न लावता परत गेली. धर्मराज तिच्यापासून हाताच्या अंतरावर उभा होता. त्याला वाटलं, आता ही मागून शर्ट धरेल. तिनं काही धरला नाही.

नातेवाइकांच्या लग्नात मात्र तो आवर्जून जायचा. पुतळाचा गळा चांगला. हळदीला धवल्यांची गाणी गायला तिला लांबलांबून बोलावणी यायची. धर्मराज मांडवाच्या मागे, आचाऱ्यांच्या चुलीपाशी, स्टूल टाकून बसायचा. समोर जायचं नाही, पण तिचा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा. धुरानं डोळे चुरचुरतात म्हणायचा आणि पुसायचा. आचारीसुद्धा ओळखून होते.

आणि रविवारी गाडी. कधी क्लच, कधी कार्बोरेटर, कधी नुसतीच किणकिण.

आता संध्याचं लग्न ठरलं. नवरा मुलगा जुईनगरचा, बँकेत. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी मांडव घालणारे आले, तेव्हा संध्या बापासमोर येऊन बसली. तिचा स्वभाव आत्यासारखा. गिरजाबाई ते कौतुकानं म्हणायची आणि वैतागूनही.

"बाबा, एक सांगायचंय. टेन्शन नका घेऊ."

"बोल."

"आत्या नाय आली तर मी हलद लावून नाय घेनार."

"असं कुठं असतं गं?"

"माझ्या बारशाला ती नव्हती. माझं नाव पण तिचं नाय. आता हलदीला पण नाय? मी पाटावर बसनारच नाय. सगल्या गावाला सांगा."

धर्मराजनं बायकोकडे बघितलं. गिरजाबाई तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही. "माझ्याकरं काय बघताय? गारी तयार झाली का ते बघा," म्हणाली.

तो चप्पल घालून तडक तळ्यावर गेला, ताडपत्री ओढून काढली आणि गाडी रबाळ्याला नेली.

सयाजी मूळचा साताऱ्याकडचा, कारखान्यांच्या रांगेमागे पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, इंजिन चालू करून कान दिला, बंद केलं. "काका, हिला काय बी झालेलं न्हाई. ही आता पार गोव्याला जाईल."

"ती किनकिन?"

"ती ऱ्हाऊ द्या की. म्हाताऱ्या मानसाची हाडं बी वाजत्यात. त्ये एक दार तेवढं करूया म्हनतो मी, आतलं हँडल. इतकी वर्षं झाली, तुम्ही त्याला हातच लावू देत न्हाई."

"त्या दाराला हात लावायचा नाय."

"का पन?"

आणि त्या दिवशी पहिल्यांदा धर्मराजनं ती गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगितली. टायरच्या चळतीवर बसून, बारसं, बँड, परात, बांगड्या, हसणं, सगळं. सांगून झाल्यावर म्हणाला, "आता तूच बोल. सोताच्या हातान उतरवीन तवा येईन, असं ती बोललीय. दार आतून उघरायला लागलं, तं ती आपली आपन उतरंल. मंग मी उतरवलं कुठं?"

सयाजीनं हातातला पाना खाली ठेवला. हसला नाही, हे त्याचे उपकार. "बरोबर हाय तुमचं," म्हणाला. "पन काका, आतून उघडत न्हाई म्हनल्यावर ती त्या जागी बसंल व्हय परत? मी तर न्हाई बसायचो."

वीस वर्षं धर्मराजनं या गोष्टीचा सगळ्या बाजूंनी विचार केला होता, पण आत बसून कधी केला नव्हता. तो उठला, मागचं डावं दार उघडून आत बसला आणि दार लावून घेतलं. काच वर होती. बाहेर सयाजी दिसत होता, रस्त्यावरून ट्रक जात होते, आवाज मात्र सगळा दबलेला. त्यानं हँडलच्या जागी हात नेला. तिथे तुटका दांडा होता. त्यानं काचेवर थाप मारली. सयाजीनं पळत येऊन दार उघडलं.

"कर," धर्मराज म्हणाला. "नवीन बसव."

सयाजीनं स्क्रू काढून दाराचा आतला पुठ्ठा सोडवला. पुठ्ठा बाजूला करून पोकळीत हात घातला, आणि चाचपता चाचपता थांबला. "काका, तुमची किनकिन," म्हणाला, आणि मूठ उघडली.

हिरव्या काचेचे तुकडे होते. खिडकीच्या फटीतून आत पडलेले, दाराच्या तळाशी साठलेले, धुळीनं माखलेले. सयाजी पुन्हा पुन्हा हात घालून काढत राहिला. इतक्या वर्षांत त्या दोघांनी अख्खी गाडी उघडली होती, फक्त हे एक दार सोडून. धर्मराजनं रुमाल पसरला आणि त्यात एकेक तुकडा घेतला. मग त्याला रडू आलं. गॅरेजात दोन गिऱ्हाईकं उभी होती, पण त्यानं तोंड लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी, हळदीच्या दिवशी, जेवणं उरकताच तो निघाला. अंगात इस्त्रीचा शर्ट, शर्टाच्या खिशात रुमाल. ठाणे-बेलापूर रस्त्याला खड्डे नेहमीचेच, पण गाडी आज मुकी होती. तो आवाज नाही म्हणून त्याला चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं.

नेरुळात शिरला आणि चुकला. वीस वर्षांपूर्वी जिथे खाजण होतं तिथे इमारतीच इमारती. कुणालाही विचारावं तर तो म्हणे, सेक्टर कितवा? आता बहिणीचा सेक्टर कितवा, हे भावाला काय माहीत? शेवटी एका कोळणीनं टोपली खाली न ठेवता हातानं रस्ता दाखवला, तेव्हा गाव सापडलं.

पुतळा ओट्यावर लसूण सोलत बसली होती. केस पांढरे झालेले, चष्मा लागलेला. गाडीचा आवाज ऐकून तिचे हात थांबले. दुसऱ्या कुठल्याही गाडीच्या आवाजाला ते थांबले नसते. धर्मराज उतरला, फाटकाशी येऊन उभा राहिला. वाटेत त्यानं बोलायची वाक्यं जुळवली होती. माझं चुकलं, पोरीचं लग्न हाय, आई तुझं नाव घेत गेली. त्यातलं एकही तोंडातून निघेना. मग त्यानं खिशातून रुमाल काढला आणि तिच्यासमोर ओट्यावर उलगडला.

पुतळानं चष्मा सारखा केला. एक तुकडा उचलला, उन्हात धरला. "ह्या कुठं होत्या?"

"दारान. दाराच्या आत. मना वाटायचं, नट सैल झालाय."

"वीस वरसां?"

"हां."

तिनं तुकडा परत रुमालात ठेवला, रुमालाची चारी टोकं बांधली आणि पुरचुंडी कमरेला खोचली. "थांब," म्हणाली, "लुगरं बदलते."

बाहेर आल्यावर ती मागच्या डाव्या दाराशीच गेली. त्यानं दार उघडलं. आतलं नवं हँडल चमकत होतं. "आता आतून उघरतं," तो घाईनं म्हणाला. "वर केलं की उघरतं. बघ, असं." त्यानं तीनतीनदा करून दाखवलं. पुतळानं नुसती मान हलवली आणि आत बसली. घणसोलीपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, बाहेर बघत राहिली, पहिल्या गौरीला बघितलं होतं तशी.

तळ्यापाशी गाडी थांबली. घराकडून बेंजोचा दणका येत होता, पार पिंपळाच्या फांद्या हादरतील असा. भाऊबंद वाटच बघत होते, धावत आले. "अरे कुठं व्हतास? पोरगी पाटावर बसत नाय! आत्या आली का?"

"आली, आली," धर्मराज म्हणाला, आणि त्यांच्यासोबत चालू लागला.

तळ्याच्या पायऱ्यांपर्यंत गेला असेल, तेव्हा त्याला आपलाच आवाज ऐकू आला. तोच शब्द, तसाच, दोनदा. त्याचे पाय जागच्या जागी थांबले. खांद्यावरचे हात झिडकारून तो वळला आणि पळत सुटला, पन्नाशी उलटलेला माणूस, एक चप्पल वाटेतच टाकून.

पुतळा बसली होती. हात मांडीवर, नवं हँडल कोपरापाशी. तिनं त्याला हातही लावला नव्हता.

त्यानं दार उघडलं. धापा टाकत म्हणाला, "अगं, आतून उघरतं ना आता! दाखवलं नव्हतं तुला?"

"दाखवलंस."

"मंग उतरली कनाला नाय?"

पुतळानं पदर सारखा केला. जरा वेळ तशीच बसून राहिली. मग एक पाय बाहेर टाकला आणि आधाराला त्याच्यापुढे हात केला. "लवकर आलास, दादूस," म्हणाली.

धर्मराज या वेळी हसला नाही. त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि तिला उतरवून घेतलं. गल्लीत शिरल्यावर त्याला जाणवलं, की मागून कुणीतरी आपला शर्ट धरला आहे. घरापर्यंत त्यानं मागे वळून बघितलं नाही. बघितलं तर ती सोडेल, अशी भीती वाटली.

मांडवात संध्या पाटावर बसली. हळदीची वाटी पुढे आली, पण पुतळानं ती बाजूला सारली. ती आधी खाली वाकली, संध्याच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी सांगितलं. बायका क्षणभर बघत राहिल्या. मग गिरजाबाईला उमगलं. तिनं पुढे होऊन नणंदेच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला, आणि तिच्यामागोमाग सगळ्याजणींनी घातले, पाळण्यापाशी घालतात तसे. पुतळा रडत होती की हसत होती, ते त्या गर्दीत दिसेना. मग तिनं हळद उचलली आणि धवला धरला.

धर्मराज मांडवाच्या खांबाशी उभा होता. आज आचाऱ्यांच्या मागे बसायची गरज नव्हती. गिरजाबाई ताट घेऊन जवळून जाऊ लागली, तसं त्यानं तिला अडवलं.

"काय नाव सांगितलं?"

"सखू," गिरजाबाई म्हणाली, आणि ताट घेऊन पुढे गेली.

तो खांबाला धरून उभा राहिला. उद्या ही पोर दुसऱ्याच्या घरी जाणार. वीस वर्षं रविवारी गाडीखालून त्यानं तिला हाका मारल्या होत्या, पाना दे म्हणून, पाणी आण म्हणून. त्या सगळ्या हाका या नावानं मारायच्या राहून गेल्या. समोर संध्याचं तोंड हळदीनं पिवळं होत होतं. त्यानं एकदा मारून बघितली.

"सखू," तो म्हणाला. बेंजो जोरात होता. त्याचं त्यालाही नीट ऐकू आलं नाही.